हौदाखालचा हौद

आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेपासून फार दूर नसलेल्या एका लहानशा देवालयाच्या आवारात दगडी कुंड आहे. लांबीरुंदी जेमतेम बारा-बारा हात, खोली दीड पुरुष. कुंडात बोटाएवढे चंदेरी मासे आहेत. चार-दोन वीतभर लांबीचे रोहूही आहेत. हे मासे देवाचे, अशी गावाची समजूत आहे. त्यांस कोणी धरीत नाही, आणि दर्शनास आलेला माणूस मूठभर चुरमुरे टाकल्यावाचून परत फिरत नाही. वैशाखात येथील पारा 45 अंशांच्या घरात जातो, कुंड तळाला लागते, आणि पूर्वी पुजारीबुवा उरलेले मासे पत्र्याच्या पिंपांत भरून ओसरीत ठेवीत. पाऊस लागेपर्यंत त्यांतील बहुतेक मरत. तीन उन्हाळ्यांपूर्वी देवस्थानाच्या मंडळींनी आम्हास बोलाविले ते वेगळ्याच कामासाठी. कुंडात तुरटी व ब्लीचिंग पावडर टाकून ते 'कायमचे स्वच्छ' करण्याचा ठराव कायद्याच्या भाषेत लिहून द्यावा, एवढीच त्यांची अपेक्षा होती. पिंपातले मासे पाहून आम्ही बोलून गेलो की, ठराव सावकाश लिहू, तोवर हे मासे आमच्या घरी राहू द्या. वकिलाने तोंडातून शब्द काढण्यापूर्वी विचार करावा, हे आम्ही इतरांस नेहमी सांगत असतो.

शब्द गेला तो गेला. नदीतला मासा कोणाचाच नसतो. पण बंदिस्त तळ्यातला मासा तळ्याच्या मालकाचा, हे आपल्या न्यायालयांनी एकोणिसाव्या शतकातच मान्य केले आहे. कुंडाचा मालक देव. आणि देव ही कायद्याच्या दृष्टीने एक व्यक्ती आहे, तिच्या इच्छेलाही मान द्यावा लागतो, असे प्रिव्ही कौन्सिलने 1925 साली कलकत्त्याच्या मलिक घराण्यातील मूर्तीच्या खटल्यात सांगितले. या न्यायाने ते चाळीस-पंचेचाळीस मासे म्हणजे देवाची ठेव, आणि आम्ही ती ठेव सांभाळणारे. ठेवीला पहिल्या वर्षी मोठी खोट आली. ती कशी आली, पुढे कशी भरून निघाली, आणि त्या खटाटोपात पाणी राखण्याच्या विद्येचा जो इतिहास आम्हास वाचावा लागला, तो येथे मांडावयाचा आहे. या मासिकाच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या कुलदैवतापुढे तळे आहे; प्रियोळच्या श्रीमंगेशाचे तळे डोळ्यांपुढे आणले तरी पुरे. तेव्हा विषय काचेच्या टाकीचा असला तरी तो त्यांना परका वाटू नये.

देवाचे मासे ही कल्पना काही आमच्या गावाची मिरास नव्हे. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात वरदायिनीचे मासे आहेत; वाड्याकडे वैतरणेच्या पात्रात तिळसेश्वरापाशी आहेत; तुंगेच्या घाटावर शृंगेरीस आहेत. या ठिकाणी माणसाने फक्त हात आवरावयाचा असतो, बाकीचे काम नदी करते. पाणी येते, घाण घेऊन जाते, नवे पाणी येते. कुंडात आणि टाकीत ही नदी नसते. जेथे नदी नाही तेथे मासा जगवावयाचा तर नदीचे काम कोणी करावयाचे, हा या साऱ्या इतिहासातला एकच प्रश्न आहे.

आपल्या दख्खनमध्ये माशांविषयी बारकाईने लिहिणारा पहिला मोठा ग्रंथकार राजा होता. कल्याणीचा चालुक्य तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मानसोल्लास' रचला. त्यात 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण आहे. कोणता मासा नदीचा, कोणता समुद्राचा, कोणाला खवले आहेत, कोणाला नाहीत, कोणाला काय खाऊ घालावे, याची त्यात नोंद आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 साली या प्रकरणावर एक विवेचक निबंध प्रसिद्ध केला. आदिलाबादकरांना या राजाशी नाते सांगण्यास जागा आहे. आमच्या गावापासून वीसएक किलोमीटरवर जैनथ येथे जो संस्कृत शिलालेख आहे, त्यात परमार राजपुत्र जगद्देव याचा पराक्रम गाइला आहे. हा जगद्देव सोमेश्वराचा पिता सहावा विक्रमादित्य याच्या आश्रयास होता. म्हणजे हा मुलूख त्या राज्याच्याच छायेत होता. मात्र अभिमानाच्या भरात एक गोष्ट झाकू नये: सोमेश्वर माशांना खाऊ घाली तो गळाला लावण्यासाठी. जागेची सवय लावावी आणि मग गळ टाकावा, असा तो विनोद आहे. खाल्लेल्या अन्नाचे पुढे पाण्यात काय होते, हा प्रश्न त्याला पडण्याचे कारणच नव्हते.

आम्हाला मात्र तो पहिल्याच उन्हाळ्यात पडला. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी काचेची टाकी आणून आमच्या कचेरीच्या खोलीत मांडली. कुंडातले पाणी गढूळ होते, म्हणून घरातील वडीलधाऱ्यांच्या सल्ल्याने निवळीची बी उगाळून घातली. निवळी हे झाड आपल्या वैद्यकाला सुश्रुताच्या काळापासून ठाऊक आहे. तिचा गुण असा की, पाण्यात तरंगणारे मातीचे कण तिच्या योगाने एकत्र येऊन तळाला बसतात. एका रात्रीत पाणी आरशासारखे झाले. येणारे पक्षकार कौतुकाने पाहू लागले, मुले पोळीचे तुकडे टाकू लागली. पाचव्या दिवशी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले, सातव्या दिवसापर्यंत अकरा उरले. पाणी तेव्हाही आरशासारखेच होते.

निवळ पाणी आणि शुद्ध पाणी यांतील भेद आम्ही असा शिकलो. माशाच्या कल्ल्यांवाटे आणि विष्ठेतून, तसेच न खाल्लेल्या अन्नाच्या कुजण्यातून, पाण्यात अमोनिया उतरतो. तो डोळ्यांना दिसत नाही. त्याचा विषारी अंश पाण्याच्या उष्णतेबरोबर आणि खारेपणाबरोबर वाढतो. 25 अंश उष्णतेच्या पाण्याचा सामू 7 असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा-पाऊण टक्का विषारी रूपात असतो. तोच सामू 8 झाला की पाच टक्क्यांवर जातो. आमच्या विंधणविहिरीचे पाणी जड, सामू 8 च्या आसपास. त्यात उन्हाळा. तापलेल्या पाण्यात प्राणवायूही कमी मावतो: 20 अंशांना लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम, 30 अंशांना साडेसात. निवळीने गाळ बसविला, विष तसेच ठेवले. टाकीत बसविलेला स्पंजही आम्ही रोज नळाखाली धुऊन लख्ख करीत होतो. ती स्वच्छता म्हणजे खरे तर हत्याच होती, पण तिचे कारण पुढे येईल.

याच विषाचा उलगडा करण्यात एका घराण्यातील बापलेकांचा हात आहे, ही गंमत आम्हास फार आवडली. लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी 1850 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काचेच्या भांड्यात दोन-चार मासे, शेवाळासारखी पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवल्या तर पाणी न बदलता ती सृष्टी टिकते, असे त्यांनी दाखविले. वनस्पती प्राणवायू देते, गोगलगाय कुजके खाते, असा त्यांचा हिशेब. तीन वर्षांनी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले आणि विलायतेत घरोघरी काचेच्या टाक्यांचे वेड पसरले. पण हिशेबात एक रकाना कोरा राहिला होता. तो भरला 1877 साली फ्रान्समध्ये. श्लोझिंग आणि म्युंट्झ यांनी गटाराचे पाणी वाळूने भरलेल्या उभ्या नळीतून सावकाश झिरपविले. काही दिवस अमोनिया जसाच्या तसा खाली येत होता; मग एकाएकी त्याचे नायट्रेट होऊन येऊ लागला. वाळूत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ते थांबले. म्हणजे हे काम वाळूचे नव्हे, वाळूला चिकटून राहणाऱ्या सजीवांचे. इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रात या शोधाची पुढची तपासणी ज्यांनी केली, ते धाकटे रॉबर्ट वॉरिंग्टन, पहिल्यांचे पुत्र. 1890 च्या सुमारास रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांनी ते जंतू वेगळे करून दाखविले: एक जात अमोनियाचे नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचे नायट्रेट. पहिली दोन्ही विषे. तिसरे त्या मानाने सौम्य. बापाने टाकी मांडली, आणि त्या टाकीतले न दिसणारे भालदार-चोपदार मुलाच्या पिढीने ओळखले.

या जंतूंना राहण्यास खडबडीत जागा लागते, वाहते पाणी लागते, प्राणवायू लागतो, आणि वस्ती वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही त्यांना एक आठवडाही दिला नव्हता. आणि जी काही वस्ती स्पंजावर धरली असेल, ती रोज नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने धुऊन काढली होती. देवस्थानाच्या मंडळींना अकरा मासे परत करताना आमची मान खाली होती. ते काही बोलले नाहीत. पुजारीबुवा एवढेच म्हणाले, "वकीलसाहेब, पिंपात सात उरत होते." हे सांत्वन होते की उलटतपासणी, हे आम्हाला अद्याप उमगलेले नाही.

दुसऱ्या उन्हाळ्याची तयारी आम्ही महाशिवरात्रीपासून केली, आणि येथे या लेखाचे खरे पात्र प्रवेश करते. टाकीखाली ठेवावयाच्या दुसऱ्या टाकीला मासे पाळणारी मंडळी 'संप' म्हणतात. गिरणीच्या संपाशी तिचा संबंध नाही. तेलंगणात अंगणाखालच्या पाण्याच्या हौदाला घरोघर संपच म्हणतात, तोच हा इंग्रजी शब्द. कल्पना अशी की, वरची टाकी पाहण्याची, खालची टाकी राबण्याची. वरचे पाणी काठावरून खाली पडते, खालच्या टाकीत कप्प्याकप्प्यांतून गाळले जाते, आणि पंप ते पुन्हा वर चढवितो.

ही कल्पना कालपरवाची नाही. विल्यम आल्फर्ड लॉइड नावाचा, पुस्तकांच्या धंद्यातून मत्स्यगृहांकडे वळलेला एक मनुष्य तिचा मोठा प्रवर्तक होय. हँबर्गचे मत्स्यगृह 1864 साली त्याच्या देखरेखीखाली उभे राहिले, आणि 1871 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्याने आपली पद्धत पूर्णत्वास नेली. लोक ज्या टाक्यांपुढे गर्दी करीत, त्यांच्या खाली, उजेड पोहोचणार नाही अशा जागी, त्याने समुद्राच्या पाण्याचा एक प्रचंड हौद ठेवला होता. त्यात मासे नव्हते, पाहण्यासारखे काही नव्हते. दर्शनी टाक्यांतील सगळ्या पाण्याहून त्यातले पाणी कितीतरी अधिक होते. वाफेच्या यंत्राने ते अहोरात्र फिरत राही, आणि गढूळ झालेले पाणी अंधारात विसावून पुन्हा निर्मळ होऊन वर येई. जंतूंचा शोध तेव्हा लागायचा होता. लॉइड केवळ निरीक्षणाने तेथवर पोहोचला होता. नेपल्स येथे आंटोन डोर्न याने 1872 मध्ये सुरू केलेल्या सागरी प्राणिकेंद्राच्या मत्स्यगृहासाठीही त्याचाच सल्ला घेण्यात आला. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उघडले. आमच्या पिढीतल्या कित्येकांनी पहिला समुद्री मासा जिवंत पाहिला तो तेथे. 2015 साली नव्या रूपात उघडलेली ती वास्तू पुढे धोकादायक ठरून बंद पडली. शाळकरी वयात तेथल्या काचांपुढे उभे असताना भिंतीमागे कोणते पाणी कोठून कोठे जात असेल, हे विचारण्याची बुद्धी आम्हास झाली नाही, याचे आता वाईट वाटते.

असो. अडीच फूट लांब आणि सव्वा-सव्वा फूट रुंद-उंच अशी खालची टाकी आम्ही करविली. तिच्यात काचेच्या आडभिंती घालून तीन कप्पे केले. पहिल्यात कापडी पिशवी आणि स्पंज, म्हणजे गाळ तेथेच अडावा, दुसऱ्यात मातीच्या भाजलेल्या छोट्या नळ्या आणि फुटक्या विटांचे धुतलेले तुकडे, म्हणजे जंतूंना घरे मिळावीत, तिसऱ्यात पंप. वरच्या टाकीच्या कोपऱ्यात दात्यांची काचेची पेटी केली, तो सांडवा. त्यातून दीड इंची नळी खाली उतरली, पंपापासून पाऊण इंची नळी वर चढली. पीव्हीसीच्या नळ्यांचे सांधे सोल्यूशनने चिकटवून एक पूर्ण दिवस वाळू दिले. पंपावर तासाला 2000 लिटर असे छापलेले होते. पण ते आकडे पाणी उचलावयाचे नसते तेव्हाचे. चार फूट वर चढविताना त्याच्या निम्मेच पाणी येते, आणि सव्वादोनशे लिटरच्या टाकीला ते पुरेसे आहे. मासे येण्यापूर्वी दीड महिना हे सारे नुसते चालू ठेवले, रोज चिमूटभर माशांचे अन्न टाकून. घरातील मंडळींना ही वेडाची लक्षणे वाटली. मासे नसलेल्या टाकीला जेवू घालणारा मनुष्य आमच्या घराण्यात पूर्वी झालेला नव्हता.

यंदा एकही मासा अमोनियाने मेला नाही. संकट आले ते विजेवाटे. चैत्रातल्या वळवाच्या पावसात एका रात्री दिवे गेले. सकाळी कचेरी उघडली तर पाय पाण्यात. टाकीपाशी जमिनीवर ठेवलेले एका कुळाच्या खातेउताऱ्यांचे गाठोडे भिजून लगदा होण्याच्या बेतास आले होते. दोन दिवस अंगणात दोरीवर ते कागद वाळविले, आणि त्या वृद्ध पक्षकारास सत्य सांगितले, तो प्रसंग आम्ही विसरणार नाही. पाणी आले कोठून? हिशेब अगदी सोपा होता, पण आम्ही तो मांडला नव्हता. पंपाच्या नळीचे तोंड वरच्या टाकीत पाण्याखाली सहा इंच बुडालेले होते. कारागिराने आवाज होऊ नये म्हणून ते तसे ठेवले होते. पंप थांबताच तीच नळी उलटी वाहू लागली. सहा इंच पाणी म्हणजे त्या टाकीत तीन घनफूट, सुमारे 85 लिटर. खालची टाकी 110 लिटरची, तीत चालू स्थितीत 65 लिटर भरलेले. रिकामी जागा 45 लिटरांची. उरलेले 40 लिटर जमिनीवर. वीज परत आल्यावर पंपाच्या कप्प्यात पाणी राहिले नाही, तो कोरडा फिरून जळाला, आणि सकाळपर्यंत मासे स्तब्ध पाण्यात होते. तीन मेले.

या रात्रीनंतर आम्ही नळांचा इतिहास वाचू लागलो, आणि लाज वाटली. कारण आमच्या चुकीवरचे उपाय या देशात फार पूर्वी दगडचुन्यात बांधून ठेवलेले होते. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी आणले. त्या बंद नळाच्या वाटेवर ठिकठिकाणी उंच चौथरे बांधलेले आहेत. पुणेकर त्यांना उच्छ्वास म्हणतात. नळात कोंडलेली हवा तेथून बाहेर पडते, आणि वाटेतल्या हौदांत गाळ बसतो. आमच्या सांडव्याची नळी पहिल्या दिवसापासून मधूनमधून घरघर करीत असे, पाणी थबकून मग एकदम कोसळे. तिच्या वरच्या कोपऱ्याला एक लहान भोक पाडून हवेला वाट दिली, तेव्हा ती गप्प झाली. परदेशातील मत्स्यपालक या भोकाची चर्चा मोठ्या बारकाईने करतात. आम्ही त्याला उच्छ्वासच म्हणतो. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, हे 1956 पर्यंत आदिलाबादबरोबर एकाच निजामी राज्यात होते. तेथल्या पाणचक्कीतही पाहण्यासारखे आहे. दूरच्या टेकडीकडून मातीच्या बंद नळांतून आलेले पाणी स्वतःच्या दाबाने उंच चढते आणि मग हौदात पडते. आणि त्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचे छत. वर पाणी, खाली माणसे, आणि थेंब गळत नाही. आमच्या कचेरीत काय झाले ते वर सांगितलेच आहे.

उपाय दोनच केले. चढत्या नळीचे तोंड पाण्याच्या पातळीखाली एक इंचावर आणले, आणि पातळीच्या किंचित खाली तिला एक बारीक भोक पाडले. पाणी त्या भोकापर्यंत उतरले की हवा आत शिरते आणि उलटा ओघ तुटतो. आता वीज गेल्यावर वरून एक इंच पाणी उतरते, म्हणजे 14 लिटर, आणि नळ्यांत असेल ते. नळीत एकाच दिशेने उघडणारी झडप बसवावी असे दुकानदार सुचवितात. बसवावी, पण तिच्यावर विसंबू नये. एखादी गोगलगाय तिच्यात अडकली की ती उघडीच राहते. खरी परीक्षा एकच: भर दिवसा, समोर उभे राहून, हाताने पंप बंद करावा. पाणी जेथवर चढून थांबेल तेथे खालच्या टाकीवर रंगाने रेघ ओढावी, आणि तीवर चार बोटे जागा मोकळी आहे की नाही ते पाहावे. दर अमावास्येला आम्ही ही परीक्षा करतो.

सांडव्याविषयी मात्र एक शब्द अधिक लिहिणे भाग आहे, कारण तो धडा आमच्या जुन्या जिल्ह्याने मोठी किंमत देऊन घेतला आहे. कदम नदीवरचे धरण आता निर्मल जिल्ह्यात मोडते. 2016 पर्यंत ते आदिलाबादचे. 1958 च्या महापुरात पाणी धरणावरून गेले आणि बांध फुटला. पुढे ते नव्याने बांधले, दारे वाढविली. तरीही 2022 च्या जुलैत दारांतून जाऊ शकेल त्याहून पुष्कळ अधिक पाणी आले, आणि धरण थोडक्यात वाचले. येणाऱ्या पाण्यापेक्षा जाणाऱ्या पाण्याची वाट मोठी असली पाहिजे, हे तत्त्व कदमच्या दारांना आहे तसे आमच्या दीड इंची नळीलाही आहे. म्हणून आम्ही दुसरी एक नळी केवळ राखीव ठेवली आहे. तीतून एरवी थेंबही जात नाही. पहिलीत पान अडकले तरच ती बोलते. उतरत्या नळीवर तोटी बसवून ओघ आवळण्याचा मोह होतो. तो टाळावा. तोटी बसवायचीच तर चढत्या नळीवर.

तिसरा उन्हाळा निभावला. राखणीत कंटाळवाण्या गोष्टीच फार. पहिल्या कप्प्यातली पिशवी तीन-चार दिवसांनी बदलावी लागते. तीत अडकलेली घाण पाण्यातच कुजत राहिली तर गाळणीच उकिरडा होते. स्पंज धुवावयाचा तो टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात, नळाखाली कधीही नाही. विटांच्या कप्प्याला तर वर्षातून एकदाच हात लावावा. वाफ होऊन जाणारे पाणी वरच्या टाकीत कमी झालेले दिसत नाही, ते पंपाच्या कप्प्यात कमी होते. म्हणून रोज सकाळी तेथे पाहावे आणि रात्रभर उघडे ठेवलेले पाणी घालावे. पण वाफ फक्त पाण्याची होते, क्षारांची होत नाही. तेव्हा आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी बदलल्यावाचून गत्यंतर नाही. जंतूंनी केलेले नायट्रेटही त्याच वाटेने बाहेर जाते. जुने पाणी आम्ही जास्वंदीला घालतो, आणि जास्वंद त्याबद्दल कृतज्ञ दिसते. वैशाखात खालच्या टाकीवर एक छोटा पंखा लावला तर पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. वीज गेल्यास बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आपोआप सुरू होतो. या दोन वस्तूंची किंमत वकिलाच्या एका नोटिशीहून अधिक नाही. त्या वर्षी चाळीस मासे आले, अडतीस परत गेले.

आता कुंडाकडे येऊ. गेल्या आषाढात मासे परत सोडावयास गेलो, तेव्हा आमचे डोळे टाकीने तयार झालेले होते. कुंडात पाणी येते कोठून ते दिसत होते: देवळाच्या पागोळ्या दगडी पन्हळीतून तेथे उतरतात. ते जाते कोठे, हे काही केल्या दिसेना. विश्वस्तांपैकी एका वृद्ध गृहस्थांना विचारले. ते म्हणाले, "पूर्वी मोरी होती हो, बागेकडे जायची. फरशी बसवताना बुजवली. चिखल व्हायचा ना." गवंडी बोलावून फरशीच्या दोन लाद्या उचलल्या. खाली दगडात कोरलेली मोरी सापडली. तिच्या तोंडाशी कुंडाच्या काठाला जे दोन बोटे खोल खाच होती, तो सांडवा. आणि पन्हळ कुंडात पडण्याच्या आधी हातभर लांबीचा एक चौकोनी दगडी खड्डा निघाला. तळात गोटे, वर माती आणि प्लास्टिकच्या पिशव्या. जुन्या कारागिरांना नायट्रेटचे शास्त्र ठाऊक होते, असा दावा आम्ही करणार नाही. असले दावे ऐकून आमचे कान किटले आहेत. तो खड्डा गाळ अडविण्यासाठी होता, एवढेच पुराव्यावरून म्हणता येईल. पण पाणी आत येताना थांबले पाहिजे, गोट्यांवरून गेले पाहिजे, आणि भरल्यावर त्याला बाहेर जाण्यास वाट असली पाहिजे, एवढे त्यांस नक्की ठाऊक होते. वरच्या जमिनीवरचे पाणी स्वाभाविक उताराने खालच्या जमिनीत जाऊ देण्याचा हक्क 1882 च्या सुखाधिकार कायद्याच्या सातव्या कलमात उदाहरणादाखल दिलेला आहे. आम्ही तो वीस वर्षे न्यायालयात उद्धृत करीत आलो. देवाच्या कुंडाच्या बाजूने तो मांडण्याची वेळ प्रथमच आली.

ब्लीचिंग पावडरीचा ठराव आम्ही लिहिला नाही. त्याऐवजी दुसरा लिहून दिला आहे: मोरी उघडी ठेवावी; पन्हळीखालचा खड्डा दर वर्षी मृगापूर्वी उपसावा; आणि माशांना चुरमुरे व पोळ्या टाकणे बंद करून देवस्थानाने सकाळी एकदाच, दोन मिनिटांत संपेल इतके अन्न घालावे. पहिल्या दोन कलमांना कोणाची हरकत नव्हती. तिसऱ्यावर सभा तासभर चालली. माशांना घास घालणे हे भाविकांचे पुण्यकर्म, ते बंद कसे करावे, असा एक पक्ष. पुजारीबुवांनी, ज्यांनी इतकी वर्षे पिंपे भरली, ते शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि मग उठून आतून एक छोटी पितळी वाटी आणली. सकाळी या वाटीत मावेल तेवढे अन्न काढू, आणि ज्याला घास घालावयाचा असेल त्याने या वाटीतूनच घालावा. वाटी रिकामी झाली की त्या दिवसापुरते पुण्य संपले, असे त्यांनी सुचविले.

ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला आहे. वाटी मात्र त्याच दिवसापासून कुंडाच्या कठड्यावर ठेवलेली आहे.